प्रथिनांची घडी आणि यंत्राचे अनुमान

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जऊळका येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनात दरवर्षी एखाद्या उपयुक्त विषयावर व्याख्यान व्हावे व ते पुढे स्मरणिकेत छापले जाऊन घरोघरी पोचावे, ही आपल्या मंडळाची चांगली प्रथा आहे. यंदा ते काम मजकडे आले. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व आयुष्यभर लहान मुलांना शिकविलेला एक साधा शिक्षक आहे. तथापि अवघड गोष्ट सोपी करून सांगणे हाच ज्याचा धंदा, त्याने अवघड विषयाला भ्यावे हे शोभत नाही. म्हणून आज मी प्रथिनांची रचना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कशी ओळखतात, हा विषय घेतला आहे.

विषयाचे नाव ऐकून कोणी म्हणेल की, याचा आणि आपल्या समाजाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या शेतातील कपाशीशी आहे, आपल्या अंगातील रक्ताशी आहे, आणि याच मांडवात आपण ज्या सोयरिकी जमवितो त्यांच्याशीही आहे. तो कसा, हे व्याख्यानाच्या ओघात स्पष्ट होईल. तोवर थोडे धीराने ऐकावे, एवढीच विनंती.

प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू. प्रथिन म्हटले की आपल्यापुढे तुरीचे वरण, हरभरा व सोयाबीन येते. ते खरेच आहे. पण प्रथिन हे केवळ अन्न नव्हे. आपल्या देहातील बहुतेक सर्व कामकरी प्रथिनेच होत. अन्न पचविणारी द्रव्ये प्रथिने, स्नायू प्रथिनांचे, रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे प्रथिने, आणि श्वासातील प्राणवायू फुप्फुसांतून सर्व देहभर वाहून नेणारे रक्तातील हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. एकेका तांबड्या रक्तपेशीत या हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, यावरून त्यांच्या सूक्ष्मपणाची कल्पना यावी.

ही प्रथिने बनतात कशी? आपल्या गावाच्या नावालाच 'रेल्वे' हा शब्द चिकटलेला असल्यामुळे आगगाडीचाच दृष्टांत घेतो. मालगाडीला जसे एकामागून एक डबे जोडलेले असतात, तशी अमिनो आम्ले नावाच्या द्रव्यांची साखळी जोडून प्रथिन तयार होते. डब्यांचे प्रकार अवघे २०. परंतु गाडी कोणती हे त्यांच्या क्रमावर ठरते. बाराखडीतील मोजक्या अक्षरांतून जसे अगणित शब्द होतात, तसेच हे आहे. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या असतात. त्यांतील दोन १४१ डब्यांच्या व दोन १४६ डब्यांच्या.

परंतु खरी मौज पुढेच आहे. मालगाडी रुळावर सरळ उभी राहते. प्रथिनाची साखळी तशी राहत नाही. ती तयार होता होताच आपोआप वळते, मुडपते, तिची घडी पडते, आणि तिला एक ठराविक आकार येतो. या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. कुलपाला विशिष्ट किल्लीच लागावी, तसा हा प्रकार आहे.

याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नित्याचे आहे. सन २००२ पासून भारतात बीटी कपाशीची अधिकृत लागवड सुरू झाली. या कपाशीत मातीतील एका जंतूचे प्रथिन तयार होते. ते बोंडअळीच्या पोटात गेले म्हणजे तिच्या आतड्याच्या अस्तरावरील एका विशिष्ट प्रथिनाला नेमके जाऊन बसते व आतड्याला छिद्रे पाडते. ते कुलूप माणसाच्या आतड्यात नाही, म्हणून त्या किल्लीचा तेथे उपयोग होत नाही. पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या विषाला जुमानीनाशी झाली, हे आपण सर्वांनी आपापल्या शेतात भोगले आहे. भारतातील अशा अळ्यांची तपासणी झाली तेव्हा आढळले की, पहिल्या विषाची किल्ली ज्या कुलपात बसे, त्या कुलपाचीच घडण अळीमध्ये बदलून गेली होती. आकार बदलला आणि किल्ली फिरेना! प्रथिनाच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानी यावे.

मग हा आकार पाहावयाचा कसा? डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक कष्टाचा मार्ग काढला. प्रथिन शुद्ध करावयाचे, खडीसाखरेसारखे त्याचे स्फटिक बनवावयाचे, त्यांवर क्ष-किरण सोडावयाचे, आणि ते किरण विखुरल्यामुळे उमटलेल्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढावयाचा. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिनचा पाठपुरावा सुरू केला आणि त्याचा आकार त्यांच्या हाती आला तो १९५९ साली. बावीस वर्षे एका प्रथिनासाठी! त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांनी स्नायूंतील मायोग्लोबिनचा आकार काढला, आणि १९६२ साली दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विद्येत आपला देशही मागे नव्हता. मद्रास विद्यापीठातील गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी १९५४ साली गोपीनाथ कार्था यांच्यासह कोलॅजन या कातडी-हाडांतील प्रथिनाची तीन पदरांची रचना मांडली. पुढे १९६३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, साखळीचा सांधा कोणत्या कोनात वळू शकतो व कोणत्या कोनात वळूच शकत नाही, याचा एक आलेख प्रसिद्ध केला. प्रथिनाची कोणतीही रचना, मग ती प्रयोगाने काढलेली असो वा यंत्राने वर्तविलेली, बरोबर आहे की नाही हे पाहताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही तो 'रामचंद्रन आलेख' पुढे ठेवतात. आपल्या मुलांना न्यूटनचे नाव ठाऊक असते, त्याबरोबर हेही नाव ठाऊक असावे.

आता मुख्य कोड्याकडे येऊ. अमेरिकेतील ख्रिश्चन आन्फिन्सेन या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास एक सुंदर प्रयोग केला. त्याने १२४ डब्यांच्या एका प्रथिनाची घडी औषधे घालून पूर्ण उलगडली. मग ती औषधे काढून घेताच त्या साखळीने कोणाच्याही मदतीवाचून पुन्हा पहिली घडी धारण केली. म्हणजे आकाराचे गुपित बाहेर कोठे नसून डब्यांच्या क्रमातच दडलेले आहे. या कार्यासाठी त्याला १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमातच जर आकार दडला आहे, तर क्रम वाचून आकार सांगता आला पाहिजे. बोलावयास हे सोपे. पण गणित करून पाहा. १०० डब्यांची साखळी घ्या, आणि प्रत्येक डबा फक्त तीनच प्रकारे वळू शकतो असे धरा. तरी एकूण शक्यता ४८ आकडी संख्येइतक्या होतात! एकेक तपासू म्हटले तर विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. आणि ती साखळी स्वतः मात्र पुष्कळदा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आपली घडी घालून मोकळी होते. हे कोडे सुमारे पन्नास वर्षे शास्त्रज्ञांना झुलवीत राहिले.

या काळात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. पहिली अशी की, १९७१ साली प्रयोगाने काढलेल्या रचनांची एक सार्वजनिक पेढी सुरू झाली. त्या वेळी तिच्यात केवळ ७ रचना होत्या. आता दोन लाखांहून अधिक आहेत, आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. दुसरी गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष आवडेल अशी आहे. १९९४ पासून दर दोन वर्षांनी या विषयाची एक परीक्षा भरू लागली. ज्यांची रचना प्रयोगाने नुकतीच निघाली आहे पण जाहीर झालेली नाही, अशा प्रथिनांचा केवळ क्रम परीक्षार्थींना द्यावयाचा, उत्तर मोहोरबंद ठेवावयाचे, आणि मागाहून ताडून गुण द्यावयाचे. नक्कल करण्यास वावच नाही!

या विद्येची पेरणी महाराष्ट्रात कशी झाली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले डॉ. विजय भटकर हे आपल्याच मुलखाचे. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा होईपर्यंत आपणही त्याच जिल्ह्यात होतो. परदेशाने महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा देशी महासंगणक सिद्ध झाला. त्याच पुण्यात, विद्यापीठामध्ये, १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले होते. तेथील डॉ. अशोक कोळसकर, जे पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले, यांनी तोंगावकर यांच्यासह १९९० साली प्रथिनाचा केवळ क्रम वाचून त्याचा कोणता भाग प्रतिपिंडांच्या नजरेस पडेल हे वर्तविण्याची रीत बसविली. लसीच्या संशोधनात ती रीत जगभर वापरली गेली.

याच कोळसकरांनी व डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील आवरण-प्रथिनाची त्रिमित रचना संगणकाने वर्तवून प्रसिद्ध केली. हा ज्वर डासांमुळे पसरतो व लहान मुलांचा घात करतो. त्या प्रथिनाची रचना तेव्हा कोणी पाहिली नव्हती. मग त्यांनी काय केले? त्या विषाणूच्या कुळातील दुसऱ्या एका, गोचिडीने पसरणाऱ्या, विषाणूचे तसेच प्रथिन १९९५ साली प्रयोगाने उकलले गेले होते. दोघांच्या क्रमांत साम्य होते. भावाच्या चेहऱ्यावरून न पाहिलेल्या भावाचा चेहरा ताडावा, तशी ही नात्यावरून रूप ओळखण्याची रीत. मूळ जपानी ज्वराच्या प्रथिनाची प्रयोगसिद्ध रचना पुढे २०१२ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पुण्याचे अनुमान तिच्या तेरा वर्षे आधीचे. मात्र या रीतीत एक अडचण होती. ज्याचा एकही भाऊ कोणी पाहिलेला नाही, अशा प्रथिनापुढे ती हात टेके.

ही अडचण दूर केली ती कृत्रिम बुद्धिमत्तेने. लंडन येथील 'डीपमाइंड' या गूगलच्या मालकीच्या संस्थेने 'अल्फाफोल्ड' नावाची एक संगणकीय योजना तयार केली. २०१८ च्या परीक्षेत तिने पहिला क्रमांक मिळविला; २०२० च्या परीक्षेत तिची दुसरी आवृत्ती १०० पैकी ९२ च्या आसपास मध्यक गुण मिळवून गेली. अनेक प्रथिनांच्या बाबतीत तिचे उत्तर प्रयोगाच्या उत्तराइतकेच जवळचे ठरले. जुलै २०२१ मध्ये ती योजना जगाला खुली करण्यात आली, आणि जुलै २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या वर्तविलेल्या रचना सर्वांसाठी मोफत उपलब्ध झाल्या. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना या कामासाठी, आणि अर्धे डेव्हिड बेकर यांना निसर्गात नसलेली नवी प्रथिने घडविण्यासाठी मिळाले.

हे यंत्र करते तरी काय? त्यात जादू नाही. मुलांकडून गणिते कशी करून घेतात? आधी सोडविलेली उदाहरणे दाखवितात, मग तशीच नवी सोडवावयास देतात, चूक झाली की ती कोठे झाली ते सांगून पुन्हा करावयास लावतात. या यंत्रालाही प्रयोगाने काढलेल्या दीड लाखाहून अधिक रचनांवर असाच सराव करविला गेला. पण त्याची दुसरी युक्ती अधिक चतुर आहे, आणि वंशावळी जपणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना ती चटकन समजेल.

असे समजा की, एका गावाच्या घरांची जुनी यादी आपल्या हाती आहे, पण गावाचा नकाशा नाही. यादीत प्रत्येक पिढीत कोणत्या घरात काय बदल झाला एवढेच लिहिले आहे. ती वाचताना आपल्या ध्यानात येते की, पाचव्या घराने भिंत पुढे सरकविली की दर वेळी चाळिसाव्या घराने आपली भिंत मागे घेतलेली आहे. यादीत ही घरे दूर दूर. तरी आपण काय म्हणू? दोघांची भिंत सामाईक असली पाहिजे! नकाशा न पाहता शेजार कळला. प्रथिनांचेही तसेच. तेच प्रथिन माणसात, गाईत, कोंबडीत, माशात थोड्याफार फरकाने असते. अशा शेकडो नातेवाइकांचे क्रम एकाखाली एक मांडले, आणि साखळीतील दोन दूरचे डबे नेहमी बरोबरीने बदलताना दिसले, तर घडीमध्ये ते एकमेकांच्या शेजारी येत असले पाहिजेत. अशा हजारो खुणा जुळवून यंत्र आकार उभा करते.

येथवर यंत्राचे कौतुक झाले. आता त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कारण कोणतीही विद्या तिच्या मर्यादांसह शिकविली तरच ती विद्या, नाही तर ती भुरळ ठरते.

आपल्या तर्कशास्त्रात ज्ञानाची प्रमाणे सांगताना प्रत्यक्ष आणि अनुमान ही निरनिराळी मानली आहेत. डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नी असावा, हे अनुमान. जवळ जाऊन अग्नी पाहिला, हे प्रत्यक्ष. यंत्राचे उत्तर हे अनुमान आहे. फार उत्तम अनुमान आहे, पण अनुमानच आहे. यंत्राची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. ते स्वतःच्या उत्तराच्या प्रत्येक भागाला स्वतःच १०० पैकी गुण देते. जेथे ९० च्या वर गुण आहेत तेथे भरवसा ठेवावा, जेथे ५० च्या खाली आहेत तेथे ठेवू नये, असे ते आपण होऊन सांगते. आपल्या उत्तरातील कच्ची बाजू आपणच दाखविणारा विद्यार्थी वर्गात विरळा; तो गुण आपणही या यंत्रापासून घ्यावा.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे, आणि ती समजावून देण्याकरिताच मी हा सारा प्रपंच केला.

आपल्या विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांत झाली. विदर्भातही तो अनेक समाजांत आढळतो. या आजारात तांबड्या पेशी वाटोळ्या न राहता कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे व हाडे असह्य दुखतात, आणि १२० दिवस जगणारी पेशी दहावीस दिवसांतच फुटून जाऊन रक्त कमी पडते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखविले की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका हुडकला. १४६ डब्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. बाकी १४५ डबे जसेच्या तसे!

आता हा क्रम यंत्रापुढे ठेवला तर काय होईल? सुट्या साखळीची घडी जवळजवळ पूर्वीसारखीच दिसेल. कारण खरोखरच ती फारशी बदललेली नसते. दोष घडीत नाही, वागणुकीत आहे. प्राणवायू देऊन मोकळे झालेले हे रेणू त्या एका चिकट जागेमुळे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब दोऱ्या वळल्या जातात, आणि त्या दोऱ्या पेशीला आतून वाकवितात. एका डब्याच्या बदलाचा असा परिणाम ओळखण्याकरिता हे यंत्र मुळात घडविलेलेच नाही. एकटा माणूस सरळ दिसला, म्हणून चौघांत तो कसा वागेल हे त्याच्या छायाचित्रावरून कळत नाही, तसेच हे.

आणि याहूनही साधी गोष्ट अशी की, २० कोटी रचनांच्या त्या भांडारात तुमच्या मुलाचे वा मुलीचे रक्त नाही. तेथे मनुष्यजातीचे हिमोग्लोबिन आहे. तुमच्या घरातले नाही. ते पाहावयाचे तर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासूनच पाहावे लागते. त्याला जगातील कोणत्याही बुद्धिमत्तेचा, कृत्रिम वा नैसर्गिक, पर्याय नाही. येथे अनुमान थांबते आणि प्रत्यक्ष सुरू होते.

बंधुभगिनींनो, आता मी जे बोलणार आहे ते वडीलकीच्या नात्याने बोलतो. कोणी राग मानू नये. हा दोष आईबापांकडून येतो. एकाच बाजूने आला तर मूल केवळ वाहक होते. वाहक हा रोगी नव्हे. तो शेती करतो, शाळा शिकतो, संसार करतो, बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो. पण पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता रोगी मुलाची, चारात दोन वाहकाची, आणि चारात एक पूर्ण निर्दोष मुलाची असते. आता विचार करा. आपण ज्ञातिमंडळ आहोत. आपल्या सोयरिकी आपण ठराविक वर्तुळात जुळवितो. वर्तुळ जितके लहान, तितका एकाच पूर्वजाकडून आलेला एकच दोष दोन्ही घरांतून समोरासमोर येण्याचा संभव अधिक. हा कोणत्याही एका ज्ञातीचा दोष नव्हे, लहान वर्तुळाचा हिशेब आहे. निसर्गाच्या वहीत जातीचा रकाना नाही. हिमोग्लोबिनची घडी ब्राह्मणाची की कुणब्याची, गोंडाची की इंग्रजाची, या प्रश्नाला अर्थच नाही.

वधूवर-परिचयाच्या पुस्तिकेत आपण उंची, शिक्षण, नोकरी, शेती, रास व नक्षत्र सारे छापतो. ज्यांची पत्रिकेवर श्रद्धा आहे त्यांनी ती खुशाल पाहावी; पण छत्तीस गुण जुळूनही पोटच्या लेकराला जन्मभर कळा सोसाव्या लागल्या, तर ते गुण कोणाच्या कामाचे? म्हणून मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत.

पहिली, आपल्या समाजातील प्रत्येक मुलामुलीची सिकलसेलची तपासणी विवाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वी, शक्य तो शाळा-महाविद्यालयाच्या वयातच, होऊन जावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक प्रश्न म्हणून उरू नये, असे तिचे ध्येय आहे. मंडळाने सरकारी आरोग्य खात्याशी बोलून संमेलनाच्या दिवशीच तपासणीची सोय होते का ते पाहावे.

दुसरी, तपासणीचा निकाल परिचय-पुस्तिकेत छापू नये. तो त्या मुलाजवळ व त्याच्या घरात राहावा, आणि बोलणी पक्की होण्याआधी दोन्ही घरांनी एकमेकांना विश्वासाने सांगावा. दोन वाहकांची गाठ पडत असेल तर त्यांना वैद्यकीय सल्ला मिळावा. निर्णय त्यांनी घ्यावा. वाहक व निर्दोष यांच्या विवाहात रोगी मूल होण्याचे भय नाही, हे लक्षात ठेवावे. हा निकाल कोणा मुलीच्या माथी कलंक म्हणून मारला गेला, तर उद्या कोणीही तपासणीला पुढे येणार नाही, आणि ज्ञानाने जे साधावयाचे ते लाजेने घालविल्यासारखे होईल. हा दोष मुलाकडून येतो तितकाच मुलीकडून, तितकाच बापाकडून आणि तितकाच आईकडून. म्हणून त्यात सासर-माहेर असा भेद करण्यास जागाच नाही.

तिसरी, ज्या घरात हा आजार आहे त्या घराशी समाजाने आपुलकीने वागावे. या आजारावर वेदना कमी करणारी औषधे आहेत, नियमित उपचाराने आयुष्य वाढते. पण त्यासाठी वेळेवर दवाखाना गाठावा लागतो, आणि लपविण्यात तो वेळ निघून जातो.

शेवटी तरुणांसाठी दोन शब्द. एके काळी प्रथिनाचा आकार पाहावयास केंब्रिजला जावे लागे. आज मालेगावच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी हातातल्या मोबाइलवर हिमोग्लोबिनची साखळी फिरवून पाहू शकते. त्यासाठी पैसा पडत नाही, शिफारस लागत नाही. ज्या मुलखाच्या खेड्यातून महासंगणक घडविणारा निघाला, त्या मुलखातून उद्या बोंडअळीच्या बदललेल्या कुलपाला नवी किल्ली घडविणारी, किंवा त्या चिकट जागेवर बसणारे औषध शोधणारी कन्या का निघू नये? मंडळाच्या शिष्यवृत्तीत विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी काही वाटा राखून ठेवावा, असे मी सुचवितो. आणि त्या मुलींना एवढेच सांगतो की, यंत्र तयार उत्तर देते म्हणून प्रयोगाचे कष्ट संपले असे मानू नका. यंत्र शिकले ते ज्यांनी एकेका प्रथिनासाठी वर्षानुवर्षे झिजून दीड लाख उदाहरणे सोडवून ठेवली, त्यांच्या जोरावर. ती उदाहरणे नसती तर यंत्राला पहिला धडाही गिरवता आला नसता.

यंत्राने आपल्याला वीस कोटी आकार दाखविले, हे त्याचे थोर काम. आपल्या वाट्याला आलेले काम त्यामानाने फार लहान आहे: एक थेंब रक्त, एक खरा निकाल, आणि तो सांगण्याचे धैर्य. ते मोठे यंत्र आपल्यासाठी हे करणार नाही; ते आपणच करावयाचे आहे.